दाजीची हजेरी

बदनापूरच्या पुंजारामला गावात सगळे विमानवाले म्हणायचे. विमानात तो जन्मात एकदाही बसला नव्हता. एकोणनव्वद सालापासून तो चिकलठाण्याच्या विमानतळावर लोडर होता, म्हणजे लोकांच्या बॅगा ट्रॉलीवरून उचलायच्या आणि विमानाच्या पोटात शिरून एकावर एक रचायच्या. आत उभं राहता येत नाही, सगळं काम गुडघ्यांवर. त्या गुडघ्यांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी निबर झाली होती. पण विमानवाले म्हटलं की त्याला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

त्याला कामाला लावलं दाजींनी. दाजी म्हणजे थोरली बहीण द्वारकाबाई हिचा नवरा, सर्जेराव. राहायला जुन्या जालन्यात, आणि बोलायला असा गोड की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन जायचा. तोही लोडरच, पण बॅगा गोळा करण्यापेक्षा माणसं गोळा करण्यात त्याचा जीव रमायचा. दोन वर्षांत लोडरांची युनियन उभी राहिली, सर्जेराव तिचा सेक्रेटरी झाला आणि त्याच्या घराच्या दारावर लाल पाटी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा मात्र द्वारकाबाईच करायची.

आता हजेरीचं सांगायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. हे लोडर सगळे रोजंदारीवरचे. सकाळी टाइमकीपर मस्टर उघडून एकेक नाव पुकारायचा आणि जो 'हजर' म्हणेल त्याचा दिवस भरायचा. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम होण्याचा हक्क सांगता येतो, हे युनियननंच सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. पण खुद्द सेक्रेटरीला मीटिंगांतून सवड कुठं? आज मुंबई, उद्या नागपूर. मग त्याचे दिवस पुंजाराम भरायचा. सर्जेरावचं नाव पुकारलं की यानं हजर म्हणायचं, आणि स्वतःचं नाव आलं की मुकाट उभं राहायचं. त्या दिवशी पुंजारामच्या नावापुढं गैरहजेरी पडायची. टाइमकीपरला सगळं ठाऊक होतं, पण त्याला बॅगा चढल्याशी मतलब. त्या दिवसाचे पैसे दाजी इमानानं आणून द्यायचे. दिवस कसा आणून देणार?

एकदा एसटीत पुंजारामनं म्हणून पाहिलं, "दाजी, माझे दिवस कमी होऊन राह्यले."

"अरे, सेक्रेटरीचीच हजेरी तुटली तर तुमच्यासाठी भांडणार कोण?" सर्जेराव म्हणाला. "तुझं मी बघतो ना. बिलकुल फिकर करू नको."

आणि पुंजारामनं फिकर केली नाही. ज्याचे पाय बापानं मांडवात धुतले, त्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत आहे का? पण त्याची बायको बेबीनंदा रीतीवर विसंबून राहणारी नव्हती. किराणा दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर ती रोज खूण करायची. नवऱ्याच्या नावाचा दिवस असेल तर टिंब, दाजींच्या नावाचा असेल तर फुली. "ह्या फुल्या कधीतरी नडतील बरं का," ती म्हणायची, आणि पुंजाराम हसण्यावारी न्यायचा.

अठ्ठ्याण्णव साली त्या नडल्या. एअरलाइननं फळ्यावर कागद लावला की एक तारखेपासून सामान चढवण्या-उतरवण्याचं काम ठेकेदाराकडे जाणार, कंपनीचा लोडर म्हणून कुणी राहणार नाही. लोडरांच्या पायाखालची जमीन सरकली. नऊ दिवस सगळे गेटसमोर बसले. पुंजाराम सर्वांत पुढं, दाजींच्या शेजारी, घसा बसेपर्यंत घोषणा देत. दहाव्या दिवशी मुंबईहून युनियनचे मोठे पुढारी आले, आत बोलणी झाली, आणि सर्जेराव करारावर सही करूनच बाहेर आला. मागच्या वर्षी ज्यांचे दोनशे चाळीस दिवस भरले त्यांना कंपनी कायम करणार. बाकीचे ठेकेदाराकडे. लोकांनी सर्जेरावला खांद्यावर घेतलं. त्यातला एक खांदा पुंजारामचा होता.

यादी लागली ती सर्जेरावच्याच घराच्या भिंतीवर. तीत सर्जेराव होता, दोनशे बासष्ट दिवस. पुंजारामचे भरले दोनशे पस्तीस. पाच दिवस कमी.

पुंजारामनं यादी तीनदा वाचली. घरी येऊन बेबीनंदाच्या शेजारी बसून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या. टिंबं दोनशे पस्तीस, फुल्या छत्तीस. त्या छत्तीस फुल्या त्याच्या पदरात टाकल्या तर तो कायम होत होता. पण त्याच छत्तीस दाजींच्या खात्यातून काढल्या तर उरत होते दोनशे सव्वीस, आणि दाजी यादीतून जात होते. हे बेबीनंदानं बोटानं दाखवलं तेव्हा त्याला कळलं. सही करणाऱ्याला मात्र आधीपासून माहीत होतं. सगळा राग त्याला ह्याचाच आला. पाठीमागून कुणी वार केला असता तर सोसलं असतं, ह्यानं केसानं गळा कापला.

तो आधी मुंबईच्या पुढाऱ्यांकडे गेला. ते ऐकून घेणारे गृहस्थ होते, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करार मस्टरवर झाला आहे. मस्टरच्या बाहेर युनियनला जाता येत नाही." सात वर्षं ज्या युनियनच्या सेक्रेटरीची हजेरी यानं सांभाळली, तिनं असे हात वर केले.

शेवटी जुन्या जालन्यातल्या त्या लाल पाटीखालून तो आत गेला. द्वारकाबाईनं पाणी आणून ठेवलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. सर्जेराव मात्र नेहमीसारखाच हसतमुख.

"लिहून मी देऊ शकत न्हाई," तो म्हणाला. "तू लेबर ऑफिसात अर्ज टाक, साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. तारखेला मी येतो आन् तोंडानं सांगतो."

"दाजी, तुमचं काय व्हईल मंग?"

"माझं मी बघून घेईन. मी आता कायम झालो, मला कोण काढतंय? तू सख्खा मेव्हणा हाईस माझा."

पुंजारामचे डोळे भरून आले. आपण ह्या माणसावर उगाच संशय घेतला, असं त्याला वाटलं. बहिणीनं मात्र त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. ते त्याच्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

अर्ज गेला, आणि तारीख पडायला सात महिने लागले. तोवर पुंजाराम ठेकेदाराचा निळा शर्ट घालून कामाला लागला होता. तेच विमान, त्याच बॅगा, तेच गुडघे, पगार निम्मा. सर्जेराव आता कंपनीचा माणूस, हातात कागद घेऊन सावलीत उभा राहून बॅगा मोजायचा. समोर आला की विचारायचा, "तारीख कधी पडून राह्यली?" पुंजाराम सांगायचा.

तारखेच्या दिवशी पुंजारामनं लग्नातला पांढरा सदरा घातला. कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं आणि बदनापूरच्या स्टँडवर जालन्याहून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभा राहिला. नऊ वर्षं त्या गाडीत दाजी खिडकीशी बसून यायचे, शेजारच्या सीटवर पुंजारामसाठी रुमाल टाकलेला असायचा. गाडी आली. खिडकीशी एक बाई बसली होती. मागच्या गाडीनं येत असतील, असं म्हणून तो चढला.

लेबर ऑफिसात बाकावर बसून तो दाराकडे बघत राहिला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. कंपनीचा वकील आला, युनियनचा एक माणूस येऊन त्याच्या कानात काहीतरी कुजबुजून गेला. साहेबांनी फाइल उघडली, कॅलेंडर उलटंपालटं करून बघितलं, बाजूला ठेवलं. म्हणाले, "टिंबं-फुल्यांना पुरावा नाही म्हणत हो. तुमचा साक्षीदार काय सांगतो ते बघू." आणि शिपायाला खूण केली.

शिपायानं दारात उभं राहून नाव पुकारलं, "सर्जेराव रामराव."

"हजर," पुंजाराम म्हणाला.

तोंडातून निघून गेलं, दुसरं काय. इतक्या वर्षांची सवय. तो उठूनही उभा राहिला होता. वकिलानं मान वर केली. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही सर्जेराव?"

"न्हाई साहेब," पुंजाराम म्हणाला. "मी पुंजाराम. सर्जेराव माझे दाजी लागतात. ते... ते आले न्हाई अजून."

शिपायानं आणखी दोनदा पुकारा केला. व्हरांड्यात कुणी नव्हतं. साहेबांनी पेन उचललं आणि सर्जेरावच्या नावापुढं 'गैरहजर' असं लिहिलं. पुंजाराम टेबलापाशी उभा राहून ते अक्षर बघत होता. दाजींच्या नावापुढं असं लिहिलेलं तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.