घसा स्वच्छ

"यांचं तोंड बघायला चमचा कशाला, डॉक्टर? यांची तोंडं दिवसभर उघडीच असतात."

मुख्याध्यापक असं म्हणाले आणि शाळेचा सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. सातवीत होते. सर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, एवढं कळत होतं.

येरवड्यातली आमची शाळा. देश स्वतंत्र झाल्याचं आम्ही दर पंधरा ऑगस्टला त्याच व्हरांड्यात गाऊन सांगायचो. त्या वर्षी घटसर्पाची साथ होती. मुलांचा घसा आतून पडदा धरून बुजायचा. तपासणीला डॉक्टर आले होते. नोकरदारांची मुलं बाकांवर. जीभ चमच्यानं दाबून, बॅटरी लावून त्यांनी एकेक घसा पाहिला. दर वेळी चमचा उकळत्या पाण्यात बुडवला. आम्ही वस्तीतली मुलं खाली तरटावर. आमच्यापासून चार पावलांवर डॉक्टर थांबले. "आ करा. सगळे एकदम."

आम्ही आ केला. बाईंनी वहीत आमच्या नावांपुढे ओळीनं लिहिलं: घसा स्वच्छ.

माझी धाकटी बहीण सुमन माझ्या पुढ्यात होती. दुसरीतली. कालपासून तिला भाकरी गिळवत नव्हती. मी उभी राहिले.

"सर, सुमनचा घसा दुखतोय."

"लिहून झालंय. खाली बस."

मी बसले. सुमन तोंड उघडून तशीच बसली होती. डॉक्टर जवळ येतील, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तिची मान सुजली. वडील रस्ते झाडायचे. काम टाकून त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्यात धावले. तिथल्या डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला. पहिल्यांदाच कुणीतरी पाहिला. "दोन दिवस आधी आणायचं. इंजेक्शन होतं की." संध्याकाळी ती गेली.

मी का हसले, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

पंधरवड्यानं सुमनच्या मृत्यूची चौकशी लागली. मुख्याध्यापकांनी मला आणि वडिलांना बोलावलं. मला खुर्ची दिली. वडील दाराबाहेर उभे.

"तुझं अक्षर छान आहे, बाळ. वडिलांना लिहिता येत नाही, तेव्हा तूच लिही. सुमन आठवडाभर घरीच होती. तपासणीला आलीच नव्हती." मग टेबलावरचा कागद बोटानं पुढे सरकवला. "हा तुझा सातवीच्या परीक्षेचा अर्ज. माझी सही व्हायची आहे."

वडील दारातून म्हणाले, "लिही बाई. एक गेली. तू तरी शीक."

मी टाक घेतला. लिहिलं: सुमन त्या दिवशी शाळेत हजर होती. तिनं तोंड उघडलं होतं. कुणी पाहिलं नाही.

सरांनी वाचलं. "फार शिकलीस हं."

"तुम्हीच शिकवलंत, सर."

मी खाली नाव घातलं. अर्जावर सही झाली नाही. माझं वर्ष गेलं. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतून मी परीक्षेला बसले.

बहीण कशानं गेली, असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं घटसर्प म्हणायचे. ऐकणारा हळहळायचा आणि विषय संपायचा. आता तसं म्हणत नाही. ज्यांनी पाहायचं नाकारलं त्यांच्यामुळे ती गेली, असं सांगते. समोरचा अवघडतो. म्हणतो, "जाऊ द्या हो, जुनं झालं."

मी जाऊ देणार नाही.