पद्माचं बँडेज माझ्या पायाला

बावीस वर्षांत हे माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, आईने नाही, आणि जिने सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं त्या पद्माने तर नाहीच. सांगायची वेळच आली नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. वेळा खूप आल्या. मीच— पण थांबा. एकदम नाही जमणार मला.

आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघातल्या मुलींचा फोनवर एक ग्रुप आहे. मुली म्हणजे आता चाळिशीला टेकलेल्या बायका. महिनाभर तिथे एकच वाद चालू आहे. शाळेत जुन्या शिक्षकांचा सत्कार करायचा आहे, त्या यादीत माने सरांचं नाव घालायचं की नाही? माने सर आमचे कोच. निम्म्या जणी म्हणतात, बचाव म्हणजे काय ते सरांनीच शिकवलं. बाकीच्या म्हणतात, ज्या माणसाने दुखऱ्या गुडघ्याची पोरगी फायनलला उतरवली आणि तिचा पाय कायमचा घालवला, त्याला शाल कसली देता? दोन्हीकडच्या तावातावाने लिहितात. मी वाचते. पोळ्या लाटता लाटता वाचते, शाळेत ऑफ तासाला वाचते— मी भूगोल शिकवते, दुसऱ्या एका शाळेत. आणि वाचून वाचून खरंच थकले आहे. वाचून थकले की गप्प बसून, ते तुम्हीच ठरवा.

सर माळशिरसकडचे. बोलायचे गावाकडचंच, आणि आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. बचाव शिकवताना ते पाच जणींच्या हातात एक सुताची दोरी द्यायचे. पद्माचे वडील यंत्रमागावर कामाला होते, त्यांनीच ती आणून दिली होती. चेंडू जिकडे जाईल तिकडे पाचही जणींनी सरकायचं, पण दोरी ढिली पडता कामा नये. एक जण जागा सोडून गेली की तिची जागा शेजारणीने भरायची, शेजारणीची तिच्या शेजारणीने. माझी जागा सगळ्यात मागे, बास्केटखाली. चौघींना चुकवून जी येईल तिच्यासमोर हात वर करून उभं राहायचं. हलायचं नाही. ती अंगावर आली तर येऊ द्यायची. ऐकायला सोपं वाटतं, नाही?

दुखापतींबद्दल सरांचे दोन नियम होते, आणि आजचा सगळा वाद त्या दोन नियमांवरच आहे. पहिला— जखमी मुलीने घरी बसायचं नाही. पाय प्लास्टरमध्ये असला तरी मैदानावर यायचं, रेषेबाहेर खुर्चीत बसायचं आणि समोरची कुठून येतेय ते ओरडून सांगायचं. सोलापूरच्या उन्हात पोरीला असं बसवतात म्हणून पालक कुरकुरायचे. दुसरा नियम त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "पोरगी दुखतंय म्हनली की दुखतंय. न्हाय म्हनली की न्हाय. पाय तिचा हाय, माजा न्हाय." ते कधी उलटतपासणी करायचे नाहीत. आधीचे एक सर पोरींना ढोंगी म्हणायचे, त्याची त्यांना चीड होती.

फायनल अकलूजच्या मुलींशी होती. आमच्याच शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर, दुपारी. आमच्या दोघी आजारी, त्यामुळे बाहेर बदलीला फक्त आठवीतल्या दोन पोरी, ज्यांनी एकही सामना खेळलेला नव्हता. आणि खुर्चीत पद्मा. दोन आठवड्यांपूर्वी तिचा गुडघा मुरगळला होता, त्याला क्रेप बँडेज होतं, आणि डॉक्टरांनी अजून आठवडाभर खेळू नको म्हणून सांगितलं होतं. ती ओरडत होती— डावीकडून, मागून, आली, आली!

अकलूजकडे एक दांडगी मुलगी होती. तिचं नाव मला कळलंच नाही. हाफटाइमच्या जरा आधी ती चौघींना चुकवून आत आली. मी हात वर करून उभी होते, शिकवलं होतं तशी. तिचा खांदा माझ्या छातीत बसला आणि मी पाठीवर पडले. श्वासच येईना. चारपाच क्षण, जास्त नाही. मग आला श्वास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फाउल तिच्यावर गेला. सर म्हणाले, "अश्शी." मी हसले. पण मला एवढंच कळलं होतं की अजून अर्धा सामना आहे आणि ती परत येणार आहे.

ती परत आली. मी अर्धं पाऊल बाजूला झाले. कुणाला दिसलं नाही. सर ओरडले, "जागा कुनी सोडली?" मी इतरांसारखंच इकडेतिकडे पाहिलं. त्यानंतर ती पुन्हा येताना दिसली आणि मी— मी खाली बसले. घोटा धरला. काहीही झालं नव्हतं. नख दुखलं नव्हतं माझं. खाली बसतानासुद्धा मला विचार करावा लागला होता, कुठला पाय धरू म्हणून.

झालं. एवढंच. हे एवढं सांगायला बावीस वर्षं.

सरांनी विचारलं, दुखतंय? मी मान हलवली. त्यांनी मला उचलून बाहेर आणलं आणि आठवीतली पोर आत पाठवली. प्रथमोपचाराच्या पेटीत दुसरं बँडेज नव्हतं. तेव्हा पद्माने वाकून आपल्या गुडघ्याचं सोडलं आणि म्हणाली, "हे बांधा की सर तिला." ते अजून तिच्या अंगाने गरम होतं. सर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि काळजीने ते माझ्या धडधाकट पायाला गुंडाळू लागले. त्या वेळी बोलता आलं असतं ना? आलं असतं. आठवीतली पोर दोनदा चुकली, दोन बास्केट झाल्या. पद्मा उठून उभी राहिली. "दुखत नाही, सर," म्हणाली. सरांनी तिच्या उघड्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी आम्हा दोघींवर सारखाच विश्वास ठेवला.

ती माझ्या जागी जाऊन उभी राहिली. ती दांडगी आली तेव्हा पद्मा हलली नाही. गुडघा आतल्या बाजूला वळला. तो आवाज बाहेर बसलेल्या मला ऐकू आला.

पुढे ऑपरेशन झालं. तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती, ते गेलं. आजही तिला जमिनीवर बसता येत नाही. मला घरी कुठला पाय धरला होता ते विसरायची भीती वाटायची, म्हणून मी तिचं बँडेज तीन दिवस सोडलंच नाही.

शाळेने चौकशी ठेवली. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत मला बोलावलं. सर कोपऱ्यात उभे होते. मला विचारलं, सरांनी तिला बळजबरीने उतरवलं का? मी म्हणाले, मला माहीत नाही, माझा पाय खूप दुखत होता. मग आपण होऊन, कुणी न विचारता पुढे म्हणाले— सर जखमी मुलींनाही मैदानावर आणतात. ते खरंच होतं. खऱ्याचा असाही उपयोग करता येतो हे मला पंधराव्या वर्षी कळत होतं. हिचा पाय दुखावला म्हणून मला पद्माला उतरवावं लागलं, एवढं जरी सर म्हणाले असते तरी चार लोकांनी मला परत विचारलं असतं. त्यांनी माझं नावच घेतलं नाही. वर्ष संपायच्या आत ते नोकरी सोडून गावी गेले.

सरांची चूक होती का? असेलही. गुडघा बघूनही त्यांनी तिला जाऊ द्यायला नको होतं. या एका वाक्याच्या आड मी कितीतरी वर्षं काढली आहेत. ग्रुपवर परवा पद्माने एकच ओळ लिहिली— सरांनी उतरवलं नाही, मी उतरले. लगेच सगळ्या म्हणाल्या, तुझं मन मोठं आहे गं.

शनिवारी सकाळी एसटी स्टँडवर सर भेटले. डोळे तपासायला आले होते, परतीच्या गाडीची वाट बघत होते. बरेच वाळलेत. मी पाया पडले. त्यांनी मला ओळखलं, नावाने हाक मारली, आणि पहिलं काय विचारलं असेल?

"वर्षा, पाय बरा हाय का गं आता?"

स्टँडवर ओळखीचं कुणी नव्हतं. गाडी लागायला वेळ होता. मी म्हणाले, "थंडीत दुखतो, सर, कधी कधी." ते म्हणाले, मिठाच्या पाण्यानं शेकत जा, अंगावर काढू नगंस. मी हो म्हणाले आणि त्यांना गाडीत बसवून दिलं.

घरी पोचले तर ग्रुपवर निरोप होता— वाद नको, माने सरांचं नाव यादीतून काढतोय, कुणाची हरकत? एकेकीचे अंगठे येत होते. पद्माचा आला नाही. मी चप्पल काढली, खुर्चीत बसले, आणि लिहिलं— चालेल.