एका घरातून मॅट्रिकचे दोन फॉर्म

म्हसा गावची जत्रा भरली होती. घरची सगळी माणसं बैल बघायला तिकडे गेलेली… आणि मुरबाडच्या आमच्या घरात यजमान आणि मी, दोघं दोन पाट्या घेऊन गणितं सोडवत बसलो होतो.

ही लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. माझी शंभरी आता जवळ आलीय. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

मी माहेरची शहापूरची. मराठी सातवी, म्हणजे फायनल पास झाले आणि लग्न होऊन मुरबाडला आले. यजमान, दामोदर त्यांचं नाव, कल्याणला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत गेलेले. शेवटच्या वर्षी टायफॉइड झाला आणि शाळा सुटली.

तेव्हा कॉलेजात जायचं तर युनिव्हर्सिटीची मॅट्रिक पास व्हावी लागे. साधी कारकुनी हवी तरी तेच. यजमान घरची शेती सांभाळून बाहेरून परीक्षेला बसले आणि गणितात नापास झाले.

घासलेट कंट्रोलचं, मोजूनमापून मिळायचं, त्यामुळे अभ्यास काय तो दिवसाउजेडी. दुपारी जेवणं झाली की ते पाठ म्हणायचे आणि मी पुस्तक धरून बसायची. पण पुस्तक इंग्रजी, मला त्यातलं अक्षर येत नाही… मी चूक पकडणार कशी? म्हणून त्यांनी मला आधी ए बी सी डी शिकवली.

दोन वर्षांत मी स्पेलिंग पकडायला लागले, मग ग्रामर. इतिहास-भूगोल ऐकूनच पाठ झाला. बीजगणित तर मला इतकं आवडायला लागलं की भात कांडताना मनातल्या मनात गणितं चालायची.

तर जत्रेच्या त्या दिवशी त्यांनी पुस्तकातली दहा गणितं काढली. घरात घड्याळ नव्हतं. ऊन ओट्याच्या कडेला पोचेपर्यंत एवढा टाइम, असं ठरलं. पुस्तकाच्या मागे उत्तरं होती, ती बघून त्यांनीच तपासली. त्यांची चार बरोबर आली, माझी नऊ.

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. मी माझी पाटी पुसायला गेले, तर त्यांनी ती बाजूला सरकवली. म्हणाले, "या वर्षी फॉर्म दोन भरू."

संध्याकाळी जत्रेहून परतल्यावर सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्या खालीच बसल्या. बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. रात्रीची भाकरी थापताना मला हळूच म्हणाल्या, "तो नापास झाला आन् तू पास झालीस, तं लोक त्याला जगू देनार नाय."

मलाही तीच भीती होती.

सासऱ्यांनी एवढंच सांगितलं की राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायला, घरात माणसं लागतात, त्याआधी परत या. फॉर्मवर यजमानांच्या कल्याणच्या जुन्या मास्तरांनी सही दिली. मार्चमध्ये आम्ही निघालो. लढाईमुळे पेट्रोल नाही, कल्याणची प्रवासी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं.

सेंटर ठाण्याला होतं. बायकांच्या बाकांवर आम्ही मोजक्याच, आणि त्यात काष्ट्याचं लुगडं नेसलेली मी एकटी. पहिल्या पेपरला टाक बुडवताना शाई सांडली… नंतर जमलं.

निकाल जूनमध्ये लागला. कल्याणहून मोटारीनं वर्तमानपत्र यायचं. यजमान सकाळपासून मोटारीची वाट बघत उभे होते आणि मी मागच्या दारी सुपात पेरणीचं बी निवडत होते. ते पुढच्या दारानं न येता थेट मागे आले. पेपर माझ्यासमोर धरला. एका नंबरवर बोट ठेवलं होतं.

नंबर माझा होता. मी त्यांचा शोधला, वर, खाली, पुन्हा वर… कुठेच नव्हता.

पेपरात नावं नसत, नुसते नंबर. आणि आम्हा दोघांना सोडलं तर घरात वाचता कुणालाच येत नव्हतं. मी म्हटलं, "सांगा ना, हा नंबर तुमचा म्हणून."

खरंच म्हटलं मी तसं. आज सांगायला लाज वाटते, पण म्हटलं.

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "पेपर तू लिहिलास. माझा कसा सांगू?"

आणि तसेच पुढे ओट्यावर गेले. तिथं सासूसासरे होते, शेजारचे दोघं बसलेले होते. मी दाराआड उभी राहिले. यजमान म्हणाले, "ही पास झाली. मी नाय झालो."

शेजाऱ्यांतला एक जण हसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जो गप्प झाला तो झालाच.

मग त्या उठून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, याचा कशात गेला? मी म्हटलं, पेपरात लिहिलेलं नाही, पण गणितातच गेला असणार.

त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "मंग आता तू त्याला शिकव गो," म्हणाल्या, आणि बी निवडायला बसल्या.

पुढचं वर्षभर दुपारी कुणी आलं की त्या बाहेरूनच परत पाठवायच्या, सूनबाय शिकवते, मागाहून या. यजमान गणितात पास झाले, चांगल्या मार्कांनी. त्यांना शहापूरच्या कचेरीत नोकरी लागली आणि मला तिथल्याच मुलींच्या शाळेत. कॉलेजात आम्ही दोघंही गेलो नाही. मुलं गेली.

यजमानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओट्यावरच्या त्या दोन वाक्यांबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. नवऱ्याचे आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती… म्हणून आज इथं सगळ्यांसमोर मानतेय.