अकराव्या ओळीतले राव सार

कॉफीची किटली आली की राव सार आधी सगळ्यांचे पेले भरायचे आणि तळाशी उरेल ते स्वतः घ्यायचे. बहुधा अर्धा पेला उरायचा, तोही गार. "कोणीतरी शेवटी हवाच की," म्हणत ते तो मिटक्या मारत प्यायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. किटली आली की जरा बघा.

त्यांचं खरं नाव वेगळं. पण तंजावरात मराठी माणूस म्हटला की तो राव, आणि ऑफिसातला वडीलधारा म्हटला की सार. भातशेतीला पंप विकणाऱ्या कंपनीच्या शाखेत ते हेडक्लार्क होते. रजा, बढती, नेमणूक, सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जात. मी त्यांच्या हाताखालचा टायपिस्ट. पापनाशमहून बसने यायचो. ती बस आठवड्यातून तीनदा उशिरा येई, उरलेल्या दिवशी मी. राव सार हजेरीपुस्तकातल्या माझ्या नावावर कोपर टेकून बसत आणि मी आलो की ते पुस्तक मुकाट्याने पुढे सरकवत.

मग देशात नवे वारे वाहू लागले आणि मद्रासच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. पंप तेच राहिले, आम्ही मात्र बदललो. कालपर्यंत नोकर होतो ते एका परिपत्रकासरशी 'मानव संसाधन' झालो. टाय लावलेला एक तरुण आला आणि मे महिन्यात, वीज गेलेली असताना, त्याने आम्हाला दोन तास सकारात्मक विचार शिकवला. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं सांगून जाताना तो एक फॉर्म देऊन गेला. कुटुंबातल्या अकरा जणांची गुणानुक्रमे यादी करायची होती. जो अकरावा येईल त्याला कुटुंब घरी पाठवणार होतं.

यादी करायचं काम राव सारांकडे आलं. मॅनेजर फक्त सही करत, तीही न वाचता. वाचलं की जबाबदारी येते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

अकरावा कोण, हे हजेरीपुस्तकच सांगत होतं. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते, आणि जावयाची नोकरी कायमची आहे एवढं एकच बघून सासऱ्यांनी मुलगी दिली होती. त्या आठवड्यात मी पहाटेची बस धरून ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसू लागलो. बायकोशी भांडलास की काय, असं राव सारांनी एकदा विचारलं.

शुक्रवारी त्यांनी यादी टाईप करायला दिली. मी ती तळापासून वाचायला घेतली. अकराव्या ओळीत त्यांचंच नाव होतं आणि पुढे कारण लिहिलं होतं: 'पुढे सरकण्याची इच्छा नाही.'

सार, हे बरोबर नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "चुकून लिहिलंत का?"

"अस्की जणं, सगळीच, लेकुरवाळी आहेत रे," ते म्हणाले. "माझी मुलगी दिली, डोक्यावर घर आहे. पंक्तीत वाढतो तो शेवटीच बसतो. टाईप कर, बस चुकेल तुझी."

मी टाईप केलं. एकही चूक न होता केलं, आणि ते मला अजून खुपतं.

महिन्याभरात त्यांना काढल्याचं पत्र आलं. ते त्यांनीच फाइलला लावलं, कारण कुठला कागद कुठे लावायचा हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या खुर्चीत मी होतो. फॉर्म आला. माणसं उरली होती दहा, पण ओळी अकराच. मद्रासला कोणी डोकी मोजत नव्हतं. मी वर दहा जणांना बसवलं आणि अकरावीत राव सारांना. तीन आठवड्यांत उत्तर आलं: वर्षभरात आपल्या कामात काहीही प्रगती न दिसल्याने आपल्याला कमी करण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, खरंच लिहिलंय म्हणाले, आणि बायकोला, म्हणजे आमच्या मामींना, कॉफी करायला सांगितली. निघताना दारापर्यंत आले.

"पुढच्या वर्षी पण माझंच लिही," ते म्हणाले.

अशा रीतीने कंपनीने त्यांना एकूण तीन वेळा काढलं.

चौथा फॉर्म आला तेव्हा राव सार नव्हते. दोन दिवसांच्या तापाने गेले. फॉर्म पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसलो. कोणाचं नाव लिहू? माझं लिहायची हिंमत झाली नाही. गेलेल्या माणसाच्या आड लपायची लाज वाटली, पण लपलो.

पत्र आलं. फाडून टाकायला हवं होतं, पण दरवर्षीच्या सवयीने पाय त्यांच्या घराकडे वळले. मामींना तमिळ वाचता येई, इंग्रजी नाही. वरचं कंपनीचं चिन्ह मात्र त्यांनी ओळखलं.

"त्यांच्या नावाचं? काय लिहिलंय?"

"सारांवाचून ऑफिस चालत नाही म्हणतात," मी म्हणालो.

मामींनी पत्र दोन्ही डोळ्यांना लावलं आणि फोटोखाली, फुलांशेजारी ठेवलं.