पाठीवरचा हात

एक्सल आत ढकलायची वेळ आली की भाऊजी आधी सगळ्यांना गप्प करत. गाडीचा मालक बोलत असला तर त्याला हाताने थांबवत, शेजारच्या चहावाल्याला स्टोव्ह बंद करायला लावत आणि शेडमधला रेडिओ स्वतः उठून बंद करत. "थोडं चूप राहा जी," ते म्हणत, "थे आता बोलणार हाये." नवखा माणूस इकडेतिकडे पाहायचा. बोलणार कोण?

बोलायची ती क्लिप. इंजिनची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या आतल्या टोकाला एक खाच असते आणि त्या खाचेत तारेचं एक छोटं कडं बसवतात, उघड्या तोंडाच्या जोडव्यासारखं. दांडा गिअरबॉक्समध्ये सरळ दाबला की ते कडं मिटतं आणि पलीकडे गेलं की पुन्हा उमलतं. उमलताना टक् असा बारीकसा आवाज होतो. तो झाला म्हणजे एक्सल अडकला, आता सुटायचा नाही. आवाज झाल्यावरही भाऊजी एकदा ओढून बघत, आणि मगच चहावाल्याला म्हणत, "पेटव रे बाबू."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. नाव सुदाम. नागपूरला ट्रकच्या गॅरेजात शिकले, लग्नानंतर भिलाईला आले आणि खुर्सीपारला टिनाची शेड टाकून बसले. मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. मी तिथल्याच स्टील प्लांटमध्ये क्लार्क, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायचो, पण रविवारचं जेवण ताईकडे ठरलेलं. जेवण झालं की दोघं विहारात जात आणि मी त्यांच्या ओसरीवर झोप काढत असे.

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या त्या छोट्या गाड्या सेक्टरांमधून दिसू लागल्या, तसं भाऊजींकडचं काम वाढलं. जुनी क्लिप परत वापरायला ते कधीच तयार होत नसत. गिऱ्हाईक म्हणायचं, चांगली तर दिसते. "दिसते जी, पण एकदा दबून बाहेर आली का तिच्यात जीव नाही राहत," असं म्हणत ते जुनी क्लिप तिथल्या तिथे पकडीने वाकडी करून टाकत. न जाणो, कोणी उचलून लावली तर!

पुढे कधीतरी त्यांनी लोकांना गप्प करणं सोडलं. चहावाल्याचा स्टोव्ह फरफरत असायचा, रेडिओ चालू असायचा आणि भाऊजी खाली मान घालून एक्सल बसवत असायचे. वयानुसार शांत झाले, असं आम्हाला वाटलं. ताईलाही तसंच वाटलं. ती हाक मारायची आणि ते ओ द्यायचे नाहीत, तेव्हा ती म्हणायची, "आजकाल लयच गुंग राहतात कामात."

वैशाली नगरच्या एका गुरुजींच्या गाडीचा एक्सल भाऊजींनी बसवला होता. गुरुजी दुर्गच्या दवाखान्यातून सून आणि तिचं तान्हं बाळ घेऊन घरी येत होते. रस्त्याच्या मधोमध एक्सल सुटला. इंजिन चालू आणि गाडी जागची हलेना. मागून येणारा ट्रक अगदी टेकता टेकता थांबला. कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी शेडवर आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी तिथेच होतो.

"सुदामभाऊ, तुमच्या हातून असं कसं झालं?" त्यांनी विचारलं.

भाऊजी त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "गुरुजी, मले ऐकू येत नाही."

ताई दारातच उभी होती. तिलाही हे तेव्हाच कळलं. "कावून नाही सांगितलं जी मले?" ती म्हणाली. त्यांनी ते ऐकलं नाही. तिने जवळ जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "सांगून का होते? बाबाचेही असेच गेले होते कान." गुरुजींचा एक्सल बसवताना त्यांनी तो ओढून बघितला तेव्हा घट्ट लागला होता, पण तो नुसता सीलच्या रबरात आवळला होता, क्लिप उमललीच नव्हती.

डॉक्टरांनी नस सुकली म्हणून सांगितलं. खिशात ठेवायचं, कानाला वायर लावायचं मशीन आणलं. भाऊजींनी ते काही दिवस वापरलं आणि काढून ठेवलं. "सगळंच वाजते यात," ते म्हणाले, "पाह्यजे थे सोडून."

मग ताई शेडमध्ये येऊ लागली. एक्सल बसवायचा असला की भाऊजी तिला बोलावत. ती पदर खोचून त्यांच्या मागे बसायची आणि उजवा हात त्यांच्या पाठीवर ठेवायची. आता लोकांना गप्प ती करायची. भाऊजी दाबायचे, आवाज झाला की ती पाठ दाबायची, नाही झाला तर हात तसाच राहायचा. सुरुवातीला रस्त्यावरून जाणारे बघत उभे राहत. ताईला त्याचं काही वाटलं नाही. एकदा भाऊजी म्हणाले, लागली. ती त्यांच्या पुढ्यात येऊन मान हलवत म्हणाली, "नाही जी, हा आवाज दुसराच होता." त्यांनी चिडून एक्सल बाहेर काढला, तर क्लिपचं एक टोक दुमडलेलं. दोघंही हसत सुटले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. स्कूटरवर मागे बसली तरी तिचा हात त्यांच्या पाठीवर असायचा. डावीकडे गाडी आली की डाव्या बाजूला चापट, उजवीकडे आली की उजव्या.

ताई पुढच्या उन्हाळ्यात आजारी पडली. आधी कावीळ म्हणाले, मग पोटात गाठ निघाली. दवाखान्यात भाऊजी बाजूच्या स्टुलावर बसून राहायचे. तिचा आवाज इतका खोल गेला होता की आम्हालाही वाकून ऐकावं लागे. ते मात्र तिचे ओठ वाचायचे आणि उत्तरं द्यायचे. एका दुपारी ते पाणी आणायला गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "मधू, यायले एकट्यानं एक्सल बसवू देऊ नको." पावसाळा लागायच्या आत ती गेली.

महिन्याभराने शेड उघडली. एका साहेबांची गाडी आली. मी रजा टाकून गेलो आणि ताई बसायची तिथे बसलो. भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी नवी क्लिप खाचेत बसवली, ग्रीस लावलं आणि दाबलं. टक् झालं. मला स्पष्ट ऐकू आलं. मी त्यांची पाठ दाबली.

ते हलले नाहीत. मी पुन्हा दाबली. मग त्यांनी एक्सल ओढून पाहिला. पुन्हा ओढला.

"लागली भाऊजी," मी त्यांच्यासमोर येऊन म्हणालो. "मी ऐकली."

"लागली असन," ते म्हणाले. "तुयावर भरोसा नाही असं नाही रे, मधू. पण माया पाठीले तुया हात वळखू येत नाही." डोळे पुसायला गेले आणि हाताचं ग्रीस गालाला लागलं. त्यांनी बसलेला एक्सल पुन्हा बाहेर काढला, साहेबांना हात जोडले आणि म्हणाले, "दुसरीकडून करून घ्या जी. माफ करा."

त्यानंतर त्यांनी शेड उघडली नाही. गोंदियाकडे त्यांचं गाव होतं, तिथे धाकटा भाऊ होता. आमच्याकडे राहा म्हणून मी खूप विनवलं, बायकोनेही सांगून पाहिलं. ते नुसती मान हलवत. तिथे जाऊन ते वर्षभरच जगले, आणि आमची पुन्हा भेट झाली नाही.

ते गावी निघाले तेव्हा भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली होती. मांडीवर माझ्या बायकोने दिलेला जेवणाचा डबा होता. गाडी हलली आणि मला राहवेना. मी खिडकीबरोबर चालत ओरडू लागलो, "भाऊजी, नका जाऊ! उतरा! घरी चला!" लोक वळून बघायला लागले. भाऊजी माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. मग त्यांना वाटलं, मी काय म्हणतोय ते कळलं. त्यांनी मांडीवरचा डबा उचलून मला दाखवला, मान डोलावली आणि हसले.