पोपट कोण आणणार?

भाजी आणायला जाऊन भाजी सोडून बाकी सगळं घरी घेऊन येणारी बाई अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या नशिबी थोरली नणंद म्हणून यावी, याचा मला आजही राग येतो. मी नाशिकची. लग्न होऊन आरमोरीला आले आणि दुसऱ्याच सकाळी त्या मला म्हणाल्या, "आज पोपट करू वो, आलू टाकून." मी हळूच उठून घरात कुठे पिंजरा दिसतो का ते पाहून आले. वालाच्या शेंगांना इकडे पोपट म्हणतात आणि खऱ्या पोपटाला मिठ्ठू, हे मला जेवायला बसल्यावर कळलं.

पुढे माझी चिमी पाच वर्षांची झाली, आणि नणंदबाईंनी तिचं शिक्षण हाती घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. बाजाराच्या दिवशी चिमीला आणि गल्लीतल्या आणखी तीन पोरींना घेऊन त्या निघायच्या. यादी त्यांना मान्य नव्हती. "कागदावर लिवलं का डोस्कं रिकामं राह्यते," म्हणायच्या. दारातच एकेका पोरीला एकेक जिन्नस वाटून द्यायचा, आणि परत येईपर्यंत तिचं नावच ते. "ए भेदरं, चप्पल घाल! सांबार कुठी गेली?" अशा हाका मारत ही वरात चौकातल्या नव्या पिवळ्या एसटीडी बूथवरून जायची, आणि आत फोन करणारी माणसं मान बाहेर काढून बघायची. भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या माणसांना ठाऊक होतं. लाज वाटायची ती फक्त मला. जी पोर आपला जिन्नस विसरेल, तो जिन्नस त्या आठवड्यात घरी यायचा नाही. एकदा चिमी हळद होती आणि फुग्यांपाशी रमली. आम्ही आठ दिवस पांढरं वरण खाल्लं. मी तणतणले, तर शांतपणे म्हणाल्या, "मी नाई विसरली. हळद विसरली."

तराजूचं तर विचारूच नका. पोरीच्या एका हातात वांगी, दुसऱ्या हातात अर्ध्या किलोचं वजन, डोळे मिटलेले, आणि चारही पोरींचा अंदाज सांगून झाल्याशिवाय वांगी पारड्यात पडायची नाहीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. भाजीवाल्या रागावतील म्हणावं, तर त्याच पोरींना चिथवायच्या. मासे घेताना प्रत्येकीनं कल्ले उघडून लाल आहेत का बघायचे. त्या विद्येपायी माझ्या चुलतसासूकडे भर पंगतीत चिमीनं वाटीतल्या रश्श्याकडे बोट दाखवून विचारलं, "याचे कल्ले पाह्यले होते का?" मी जमिनीत गडप व्हायची बाकी राहिले.

हे सगळं मी सोसलं. पण शाळेचं मात्र मला सोसवलं नाही. गडचिरोलीला एक चांगली शाळा निघाली होती, जागा मोजक्या, आणि चिमीला तिथे घालायचंच असा मी पण केला होता. तीन महिने तिच्याकडून तक्ते पाठ करून घेतले. मुलाखतीला समोर बसलेल्या मॅडम पुण्याकडून नव्यानंच आलेल्या होत्या. त्यांनी हिरव्या पक्ष्याचं चित्र पुढे केलं.

"मिठ्ठू," चिमी म्हणाली.

"बाळ, याला पोपट म्हणतात."

"नाई. पोपट तं आमी खातो."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. चिमीला वाटलं, यांना ठाऊक नाही, तर आपण नीट सांगावं. "आलू टाकून. पयले दाबून पाहा लागते, पोचट असला तं घेऊ नोका. मंग आत्याबाई सोलते. मी बी सोलते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चिमीनंही पाहिलं. "अहो, इकडे शेंगांना पोपट म्हणतात," एवढंच बोलायचं होतं. पण त्या मॅडम माझ्यासारखं बोलत होत्या, आणि मला त्यांच्यासमोर इकडची व्हायचं नव्हतं. मी नुसती हसले. "मुलं काहीही बोलतात," असंही म्हणाले.

जागा मिळाली नाही. मी घरी येऊन बाईंवर जो तोंडाचा पट्टा सोडला, तो गल्लीनं ऐकला. तुमच्यामुळे पोरीचं नुकसान झालं, तिला अडाणी करून ठेवलंत, यापुढे ती तुमच्याबरोबर बाजारात जायची नाही! बाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"लेकरू खरं बोलत होतं. तू सांगतलं काऊन नाई?"

मला इतका संताप आला की काय सांगू.

पुढच्या बाजाराला चिमी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. बाई जागच्या हलल्या नाहीत. माझा हुकूम होता ना! गल्लीतल्या पोरी आल्या, थोडा वेळ रेंगाळल्या आणि निघून गेल्या. शेवटी मीच पायात चपला घातल्या आणि म्हटलं, "चला बाई. मी काय आणू?"

बाईंनी चिमीकडे पाहिलं. चिमीनं पुष्कळ विचार केला. "आई पोपट," ती म्हणाली, आणि मग काळजीनं, "पण तू सांगशील ना, आई?"

बाजारात शेंगांच्या ढिगासमोर मी उभी राहिले. "काय देऊ बाई?" विक्रेतीनं विचारलं. "पोपट!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की आजूबाजूच्या चार बायका वळल्या. चिमीनं माझा हात घट्ट धरला. बाई मात्र पाठ फिरवून उगाच वांगी चाचपत बसल्या. आता त्या नाहीत. मी अजून यादी करत नाही, आणि हळद मात्र हटकून विसरते.