जावेचा पहिला नंबर

माझ्या धाकट्या जावेला धावायला मीच शिकवलं. वारज्यात आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. मी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याला लागायचे तेव्हा ती झोपेत असायची. एकदा हौसेने बरोबर आली आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचून कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली. त्या दिवशी मला ती फार आवडली.

चाळिशीनंतर मला वेगाचं वेड लागलं. अंग हलकं तर पाय हलके, म्हणून मी भात सोडला, तूप सोडलं, रात्रीचं जेवणही जवळजवळ सोडलं. पाळी थांबली, ती वयामुळेच, अशी स्वतःची समजूत घातली. मग एका सकाळी धावताना नडगीत अशी कळ आली की रिक्षाने घरी यावं लागलं. हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी धावून हाडं विरळ झालीत.

"पण पुढच्या महिन्यात माझी स्पर्धा आहे."

"म्हातारपणी स्वतःच्या पायांनी जिना चढायचाय, की यंदा नंबर काढायचाय? ते आधी ठरवा."

मी जिना निवडला. पोटभर जेवायला लागले, चालायला लागले, जिममध्ये वजनं उचलायला लागले. अंग भरलं. "आली एकदाची माणसांत," सासूबाई म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात जावेचा पहिला नंबर आला. शेवटच्या रेषेपाशी मी तिच्यासाठी केळी सोलून उभी होते. गळ्यातल्या पदकासकट तिने मला मिठी मारली. "ताई, हे तुमच्यामुळे!" मी शाब्बास म्हटलं. तिचा घाम माझ्या कोरड्या कुडत्याला लागला आणि मला रडू फुटेल असं वाटलं. आनंदाने नव्हे.

पुढे रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो की माझी नजर तिच्या ताटावर जायची. भात नाही. तूप नाही. "वजन जरा उतरवतेय," ती म्हणायची. मला सगळं कळत होतं, तरी बरेच रविवार मी गप्प बसले. तिचाही पाय दुखावा, असं मनात येऊन जायचं. शेवटी एकदा भांडी घासताना बोललेच.

"अगं, पाळी वेळेवर येते का तुझी? एकदा हाडं तपासून घे."

तिने नळ बंद केला. "ताई, खरं सांगू? तुम्हाला बघवत नाहीये."

"नाही बघवत," मी म्हटलं. "तरीही तपासून घे."

आठवडाभर ती बोलली नाही. मग एका दुपारी दार वाजलं. दारात ती हसत उभी. "जाऊन आले हो. हाडं ठणठणीत आहेत! फक्त नीट जेवा म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

मी देवासमोर साखर ठेवली. तिच्या हातावरही ठेवली. ती वर गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन कणीक मळायला घेतली आणि ती इतकी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुरे. पोळ्या करायच्यात, कुस्ती नाही."

ती अजून धावते. नीट जेवून आणखी वेगात धावते. मी वजनं उचलते, जिना सहज चढते, आणि सकाळी तिच्या बुटांचा आवाज खाली उतरताना ऐकला की अजूनही जळते.